दोन रविवारांचा मुक्तिलढा : एका इतिहास-सहलीचे परीक्षण

पणजीहून सुटणाऱ्या एका छोट्या सहलसंस्थेने गोव्याच्या लढ्यांची ठिकाणे दाखवणारी दोन दिवसांची सहल सुरू केली आहे, असे मला एका माजी विद्यार्थ्याकडून कळले आणि जानेवारीतले दोन रविवार मी तिच्यासाठी राखून ठेवले. पहिला रविवार दक्षिणेचा, म्हणजे कुंकळ्ळी, असोळणे आणि मडगाव. दुसरा उत्तरेचा, म्हणजे सत्तरीतले नाणूस, पत्रादेवी, म्हापसा, आग्वादचा तुरुंग आणि शेवटी पणजीचे आझाद मैदान. माणशी एका दिवसाचे १,८०० रुपये, त्यात दुपारचे जेवण आणि एक छापील पुस्तिका. गाडी १६ जणांची होती, आम्ही ११ जण होतो. डिचोली तालुक्यातल्या एका मराठी शाळेत मी ३४ वर्षे इतिहास शिकवला आहे, त्यामुळे अशा बाबतीत माझे कान जरा तिखट आहेत, हे वाचकांनी ध्यानात ठेवूनच पुढचे वाचावे. संस्थेचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण तक्रारी पुष्कळ आहेत आणि तरीही ही सहल बंद पडावी असे मला मुळीच वाटत नाही.

कुंकळ्ळीच्या स्मारकापाशी आम्ही साडेनऊच्या सुमारास पोचलो. मार्गदर्शक तिशीतला, याच सासष्टी तालुक्याचा तरुण होता. त्याचे मराठी कोंकणीच्या वळणाचे पण स्वच्छ होते, आणि त्याची पहिली परीक्षा येथेच होती, कारण कुंकळ्ळीची हकीकत अर्धी सांगण्याचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही. त्याने ती पूर्ण सांगितली. सासष्टीतली देवळे पाडली गेली, गावांनी कर देण्याचे नाकारले, आणि १५ जुलै १५८३ रोजी तेथे आलेल्या जेझुइट मिशनऱ्यांच्या जथ्यावर गाव चालून गेला. रुदोल्फ आक्वाविवा यांच्यासह पाच मिशनरी आणि त्यांच्या सोबतची काही माणसे मारली गेली. हे त्याने आवाज न चढवता, मेलेल्या कोणाचीही टिंगल न करता सांगितले. मग पुढचा भाग: गावच्या सोळा प्रमुखांना बोलणी करण्यासाठी म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावण्यात आले आणि तेथे त्यांची हत्या झाली, एक जण तेवढा नदीत उडी टाकून निसटला, असे परंपरा सांगते. ना खटला, ना सुनावणी. बोलणीसाठी बोलावलेल्या पाहुण्यांना मारले, इतकेच. त्या ठिकाणी त्याने क्षणभर थांबून आम्हांला गप्प राहू दिले. आमच्यात कुंकळ्ळीचेच एक वयस्क गृहस्थ होते. त्यांनी चपला बाजूला काढून ठेवल्या होत्या. ते काही बोलले नाहीत, आणि त्यांना बोलते करण्याची संधी मार्गदर्शकाने सोडली, याची मला रुखरुख वाटली.

येथे माझा पहिला आक्षेप आहे. गावांनी कर नाकारला म्हणजे नेमके काय झाले, हे कळण्यासाठी गावकारी समजावी लागते, आणि तिला या सहलीत दोनच वाक्ये मिळाली. जमीन गावाची, तिची वाटणी गावकारांच्या बैठकीत, बांधांची आणि मानशींची, म्हणजे पाणी अडवणाऱ्या दारांची, दुरुस्ती गावाच्या खर्चाने आणि सरकारला द्यायची रक्कमही गावाने एकत्र भरायची, अशी ती व्यवस्था होती. तिसवाडीच्या गावांचे हे रिवाज खुद्द पोर्तुगिजांनीच १५२६ च्या सनदेत लिहून घेतले होते. सत्ताधाऱ्याने रयतेचे हक्क कागदावर मान्य करायचे आणि मग पुढे तोच कागद हळूहळू कुरतडायचा, हा गोव्याच्या इतिहासातला फार जुना धडा आहे. कुंकळ्ळीचा कर एखाद्या संतापलेल्या जमावाने थांबवला नव्हता. बैठक घेऊन निर्णय करण्याची सवय असलेल्या गावाने तो थांबवला होता. हे सांगितले असते तर दुपारी मडगावात उभे राहून ऐकलेल्या गोष्टीला सकाळीच पाया मिळाला असता. त्याऐवजी पुस्तिकेत ठळक अक्षरांत छापले आहे की हा आशियातला युरोपीय सत्तेविरुद्धचा पहिला उठाव होय. पहिलेपणाचा हा हव्यास मला कधी कळलेला नाही. एवढ्या मोठ्या खंडाच्या शर्यतीत कुंकळ्ळीला उभे करून तिचे मोल वाढते असे थोडेच आहे?

असोळण्याला किल्ला राहिलेला नाही, त्यामुळे तेथे पाहण्यासारखे थोडे आणि ऐकण्यासारखे जास्त होते. मार्गदर्शकाने येथे एक सुरेख सांधा जुळवला, त्याचे श्रेय त्याला दिले पाहिजे. ज्या गावात १५८३ साली बोलणीच्या बहाण्याने माणसे मारली गेली, त्याच गावात १९४६ च्या जून महिन्यात डॉ. राममनोहर लोहिया हे आपले जुने मित्र डॉ. जुलियांव मिनेझिस यांच्या घरी विश्रांतीसाठी म्हणून उतरले होते. ब्रिटिशांच्या तुरुंगातून सुटून आलेला, प्रकृती खंगलेला माणूस. त्याच्याकडे गोव्यातले लोक येऊन येथल्या स्थितीविषयी सांगू लागले, आणि विश्रांती तेथेच संपली.

मडगावच्या लोहिया मैदानावर आम्ही तासभर होतो, आणि सबंध सहलीत पैसे वसूल झाल्यासारखे वाटले ते या एका तासात. १८ जून १९४६ ची सभा गोव्यातल्या प्रत्येक शाळकरी मुलाला पाठ असते, पण ती पाठ असते म्हणूनच कोणी तिच्याकडे नीट पाहत नाही. मार्गदर्शकाने सुरुवात लोहियांपासून केली नाही. त्याने आमच्या हातांत एका जुन्या लग्नपत्रिकेची छायाप्रत दिली आणि विचारले की ही छापण्यापूर्वी कोणाला दाखवावी लागत असेल. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत गोव्यातले छापील अक्षर सेन्सॉरच्या नजरेखालून जात असे, आणि त्यातून लग्नाच्या आमंत्रणाचीही सुटका नव्हती. सभा भरवायची तर आधी परवानगी, संस्था काढायची तर परवानगी, पत्रक काढायचे तर परवानगी. हे डोक्यात पक्के बसल्यानंतरच त्याने सभेचा प्रसंग सांगितला: पावसाळ्याचे दिवस, जमलेली गर्दी, घोडागाडीतून आलेले दोघे डॉक्टर, पिस्तूल रोखून पुढे आलेला कप्तान मिरांदा आणि त्याचा हात बाजूला सारणारे लोहिया. दोघांनाही अटक झाली. त्या दिवशी मडगावात परकी सत्ता उलथून टाकण्याची भाषा नव्हती. बोलण्यासाठी आणि एकत्र जमण्यासाठी कोणाची परवानगी मागावी लागू नये, एवढीच मागणी होती, आणि सभेला आलेल्या प्रत्येकाने हजर राहूनच तो कायदा मोडला होता.

माझ्या शेजारी मडगावच्याच एक बाई होत्या, ऐंशीच्या पुढच्या. त्या हलकेच म्हणाल्या, “आमकां उलोवपाचीच मेकळीक नाशिल्ली, सर.” बोलण्याचीच मुभा नव्हती. मार्गदर्शकाच्या तासाभराच्या भाषणाचे सार त्यांनी एका वाक्यात सांगितले आणि ते त्यालाही पटले असावे, कारण त्याने ते वाक्य पुन्हा मोठ्याने सर्वांना ऐकवले.

पुढची हकीकतही चोख होती. सप्टेंबरअखेरीस पुन्हा येणाऱ्या लोहियांना कुळे येथे पकडून आग्वादच्या कोठडीत ठेवण्यात आले, टी. बी. कुन्हा यांच्यावर लष्करी न्यायालयात खटला चालून त्यांना आठ वर्षांची शिक्षा झाली आणि पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात पाठवण्यात आले. १९२८ साली गोवा काँग्रेस समिती काढणाऱ्या, वयाची पन्नाशी ओलांडलेल्या या विचारवंताला लष्करी न्यायालयासमोर उभे करण्याची गरज सरकारला का भासली, हा प्रश्न एका तरुण मुलीने विचारला. उत्तर बरे मिळाले: त्यांनी शस्त्र उचलले नव्हते, लेख लिहिले होते.

पण याच मडगावात, मैदानापासून फार लांब नसलेल्या चर्चच्या चौकातून आमची गाडी न थांबता गेली, आणि ही चूक लहान नाही. २१ सप्टेंबर १८९० रोजी नगरपालिकेच्या निवडणुकीच्या दिवशी त्या चौकात सैन्याने जमावावर गोळ्या झाडल्या आणि मतदानासाठी आलेली माणसे मारली गेली. एका बाजूला सत्तेच्या आश्रयाने उभा असलेला गट आणि दुसऱ्या बाजूला जुझे इनासियु द लोयोला यांचा पार्तिदु इंदियानु हा पक्ष, असा तो सामना होता. मतपेटीसाठी गोव्यात पहिले रक्त सांडले ते मुक्तीच्या ७१ वर्षे आधी, आणि तेही लिस्बनमध्ये राजा आणि संसद दोन्ही असताना. पोर्तुगालच्या राज्यघटनेशी गोव्याचे नाते त्याहून जुने होते. १८२२ साली गोव्याने लिस्बनच्या संसदेसाठी प्रतिनिधी निवडले; त्यांतले एक बेर्नार्दु पेरिश द सिल्व १८३५ मध्ये गोव्याच्या कारभाराचे प्रमुख झाले आणि तीन आठवड्यांच्या आतच लष्करी बंडामुळे त्यांना जावे लागले. गोव्याच्या मातीतल्या माणसाने गोव्याचा कारभार पाहावा, हे तेथल्या गोऱ्या व मिश्रवंशीय लष्करी वर्गाला सोसले नाही. या गोष्टी गाळल्या की लढा म्हणजे १५८३, मग एकदम १९४६, असा घसरगुंडीचा इतिहास तयार होतो, आणि घटना, मतदान, प्रतिनिधी हे शब्द जणू भारतीय सैन्याबरोबरच गोव्यात आले, असा गैरसमज पक्का होतो.

जेवण मडगावातल्या एका साध्या खाणावळीत होते. शीत, हुमण, सुंगटांची किसमूर, सोलकढी, शाकाहारींसाठी खतखते. उत्तम होते, एवढेच पुरे.

परतीच्या वाटेवर गाडीत १९३० सालाविषयी बोलणे झाले. पोर्तुगालच्या वसाहत कायद्याने गोव्यासारखे प्रदेश म्हणजे पोर्तुगीज राष्ट्राने ताब्यात ठेवायचे आणि सुसंस्कृत करायचे मुलूख आहेत, अशी भूमिका घेतली आणि त्या वेळच्या कौन्सिलात लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांनी ४ जुलै १९३० रोजी ठराव मांडून पोर्तुगीज भारत आपला स्वयंनिर्णयाचा हक्क सोडत नाही, असे बजावले. हे सर्व मार्गदर्शकाने बरोबर सांगितले. पुस्तिकेत मात्र त्या कौन्सिलाला ‘विधानसभा’ म्हटले आहे. ज्यांना मताधिकार होता त्या थोड्यांनी निवडलेले काही सभासद आणि सरकारी बाजूचे बाकीचे, अशा त्या कौन्सिलाला विधानसभा म्हटले की वाचकाला वाटणार, तेव्हाही आजच्यासारखेच चालत होते. मग भांडण कशासाठी होते, असा प्रश्न एखाद्या हुशार मुलाने विचारला तर त्याला दोष देता येणार नाही. याच ठिकाणी मराठी वृत्तपत्रांचा एकही उल्लेख नसावा, हेही मला खटकले. केप्यातून १९१२ पासून ‘भारत’ चालवणारे गोविंद पुंडलीक हेगडे देसाई, ज्यांना सारा गोवा भारतकार म्हणूनच ओळखत असे, त्यांनी सरकारशी किती खटले लढले हे मराठीत सहल करणाऱ्यांना सांगायचे नाही, तर कोणाला सांगायचे?

दुसरा रविवार पहिल्याइतका चांगला गेला नाही, आणि त्याचे मुख्य कारण वेळापत्रक आहे. वाळपईच्या बाजूला नाणूस, तेथून थेट राज्याच्या उत्तर टोकाला पत्रादेवी, मग म्हापसा, मग आग्वाद, मग पणजी, हे एका दिवसात बसत नाही. बसवले तर सगळीकडे घाई होते. नाणूसच्या किल्ल्याचे अवशेष पाहायला २० मिनिटे दिली होती. २६ जानेवारी १८५२ रोजी दिपाजी राणे यांनी हा किल्ला घेतला आणि त्यानंतर तीन वर्षे सरकारला सत्तरीत स्वस्थता मिळू दिली नाही. मार्गदर्शकाने तारखेच्या योगायोगावर बराच वेळ घालवला. तारीख सुंदर आहे, हे खरे. पण राणे का उठले, पुढे १८९५ मध्ये आफ्रिकेतल्या मोझांबिकला जाण्याचा हुकूम मिळालेल्या मराठा शिपायांनी तो का मोडला आणि दादा राणे त्यांच्या बाजूला का आले, हे २६ जानेवारीच्या योगायोगापेक्षा महत्त्वाचे होते. आमच्या सत्तरी-डिचोलीकडे राण्यांच्या कथा घरोघर आहेत. त्यांतल्या किती शौर्याच्या आणि किती जमिनीच्या मालकीच्या, हा हिशेब मात्र कोणी नीट मांडत नाही, आणि सहलीनेही मांडला नाही.

पत्रादेवीला आम्ही भर दुपारी पोचलो. स्मारकापाशी उभे राहून १५ ऑगस्ट १९५५ ची हकीकत ऐकताना घाई जाणवली नाही, कारण ती हकीकतच तशी आहे. देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले निःशस्त्र सत्याग्रही सीमा ओलांडून आत शिरले आणि पोर्तुगीज शिपायांनी गोळीबार केला. पंजाबातल्या ईसडू गावचा तरुण शिक्षक कर्नेलसिंग येथे पडला. मध्य प्रदेशातल्या सहोदराबाई राय तिरंगा घेऊन पुढे आल्या आणि गोळी लागून जखमी झाल्या. पुढे त्या लोकसभेवर निवडून गेल्या. पुण्याहून गोवा विमोचन सहायक समितीने पाठवलेल्या तुकड्यांविषयी मार्गदर्शकाला चांगली माहिती होती. मे १९५५ मधल्या पहिल्या तुकडीचे नेते नानासाहेब गोरे यांचा उल्लेख त्याने आदराने केला. एक गोष्ट मात्र त्याने जाता जाता सांगितली, ती सविस्तर यायला हवी होती: त्याच्या आदल्या वर्षी, १५ ऑगस्ट १९५४ रोजी, आल्फ्रेड आफोन्सो यांच्या तुकडीने तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा फडकवला होता. गोव्याचा ख्रिस्ती समाज लढ्यापासून दूर राहिला, असे बोलणारे लोक आजही भेटतात आणि आमच्या गाडीतही एक होते. त्यांना तेरेखोल, मिनेझिस, कुन्हा आणि पीटर आल्व्हारिस ही नावे एका दमात ऐकवण्याची ती योग्य वेळ होती.

म्हापशाच्या बाजारात गाडी दहा मिनिटे थांबली. ६ एप्रिल १९५५ रोजी नॅशनल काँग्रेस गोवाच्या अधिवेशनात सुधाताई जोशी यांना अध्यक्षीय भाषण सुरू करताच अटक झाली, ते हेच म्हापसे. मिरच्या आणि चवरीशाच्या, म्हणजे गोव्याच्या सॉसेजच्या, माळा विकणाऱ्या बायांच्या गर्दीत ही गोष्ट ऐकायला मजा आली. बाजार तोच, आणि बोलायचे ते मोठ्याने बोलण्याची येथल्या बायकांची सवयही तीच.

आग्वादचा किल्ला १६१२ चा, त्याच्या पायथ्याचा तुरुंग मात्र आमच्या पिढीच्या आठवणीतला. येथले कैदी २०१५ मध्ये कोलवाळला हलवले गेले आणि डिसेंबर २०२१ मध्ये नूतनीकरण झालेले संग्रहालय खुले झाले. जागा पाहण्यासारखी आहे. समुद्र इतका जवळ की कोठडीतल्या माणसाला रात्रभर लाटांखेरीज दुसरे काही ऐकू येत नसेल. येथे मार्गदर्शक भावनेच्या भरात म्हणून गेला की १९ डिसेंबर १९६१ ला सारे कैदी सुटले. मी हात वर केला, शाळेतल्या मुलासारखा. मोहन रानडे सुटले नव्हते. बेतीच्या चौकीवरील हल्ल्यात १९५५ साली पकडले गेलेले रानडे पोर्तुगालच्या तुरुंगात होते आणि गोवा मुक्त झाल्यानंतरही सात वर्षे तेथेच राहिले; ते जानेवारी १९६९ मध्ये सुटले. मार्गदर्शकाने चूक तत्काळ मान्य केली, वहीत लिहून घेतली आणि “पुढच्या वेळी हेच आधी सांगेन, सर,” असे म्हणाला. मला तो त्या क्षणापासून जास्त आवडू लागला.

येताना गाडीत त्यांनी एका गुप्त आकाशवाणीचे नाट्यरूपांतर ऐकवले. लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई या दोघांनी १९५५ पासून १९६१ पर्यंत सीमेलगतच्या जंगलांतून कोंकणी आणि पोर्तुगीजमध्ये बातम्या दिल्या. ज्या प्रदेशात वृत्तपत्राला तोंड उघडता येत नव्हते, तेथे बातमी हेच शस्त्र होते. ध्वनिमुद्रण हौशी होते, पण गाडीतल्या दोन लहान मुलांनी मोबाईल बाजूला ठेवून ते ऐकले, यापेक्षा वेगळे प्रशस्तिपत्र काय द्यायचे?

सहलीचा शेवट पणजीच्या आझाद मैदानावर होतो. वाटेत १८ जून रस्ता लागतो. तेथे कपडे आणि काजू घेणाऱ्यांना त्या तारखेचे काय, असा नेहमीचा खेद मार्गदर्शकाने व्यक्त केला. मला तो तितकासा पटत नाही. रस्त्याला नाव दिले की लोक नाव उच्चारतात, आणि उच्चारता उच्चारता एखादा विचारतोच. उलट फोन्तेन्यासमधला ३१ जानेवारी रस्ता बघा. ती तारीख पोर्तूमध्ये १८९१ साली झालेल्या प्रजासत्ताकवाद्यांच्या बंडाची. राजेशाहीविरुद्धच्या परक्या बंडाचे नाव आम्ही मुक्तीनंतरही पुसले नाही, हे मला गोव्याच्या मोठेपणाचे लक्षण वाटते.

मैदानावरच्या त्या मंडपात एके काळी आफोन्सो द आल्बुकेर्क याचा पुतळा होता; आता तो जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे आणि येथे हुतात्म्यांचे स्मारक व कुन्हा यांच्या अस्थी आहेत. आम्ही पोचलो तेव्हा मैदानाच्या एका कडेला कंत्राटी कामगारांचे धरणे चालू होते. पाच-सहा बायका चटईवर बसल्या होत्या, आणि छपराच्या बांबूला परवानगीचा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बांधलेला होता. मार्गदर्शकाने आम्हांला त्यांच्या बाजूने न नेता पलीकडून नेले, छायाचित्रात मागे धरणे येऊ नये म्हणून. त्याला वाईट वाटू नये म्हणून मी त्या वेळी बोललो नाही, येथे बोलतो: लग्नपत्रिकेची छायाप्रत हातात देणाऱ्या माणसाने तो कागद दाखवायला हवा होता. मडगावच्या त्या बाई मात्र सरळ तिकडे गेल्या आणि त्यांच्यात जाऊन बसल्या.

माझा सर्वात मोठा आक्षेप येथूनच सुरू होतो. सहल १९ डिसेंबर १९६१ ला संपते. पोर्तुगीज गव्हर्नर जनरल शरण आला, झेंडा चढला, टाळ्या. पण २० डिसेंबरला गोव्यातल्या माणसाच्या हातात नेमके काय होते? १९६२ च्या बाराव्या घटनादुरुस्तीने गोवा भारतीय संघराज्यात घटनेच्या मार्गाने सामावला गेला. ९ डिसेंबर १९६३ रोजी प्रौढ मताधिकाराने पहिली निवडणूक झाली, आणि जमीनमालक भाटकार आणि त्याच्या जमिनीवर घर करून राहणारा मुंडकार यांच्या मतांची किंमत त्या दिवशी प्रथमच सारखी झाली. भाऊसाहेब बांदोडकरांचे सरकार आले ते या मतांवर. मग कूळ कायदा १९६४ चा, मुंडकारांना घरातून हाकलता येऊ नये असा कायदा १९७५ चा. आम्ही मुंडकार होतो. भाटकाराच्या माडांखाली आमचे घर होते, आणि घराच्या भिंतीला नवा हात फिरवायचा तरी आजोबा आधी त्याला विचारायला जात. लग्नपत्रिकेला सेन्सॉर आणि गिलाव्याला भाटकार. परवानगीचे हे दोन कागद मला वेगळे वाटत नाहीत.

आणि १६ जानेवारी १९६७. ज्या महिन्यात ही सहल मी केली त्याच महिन्यातली ही तारीख, सरकार हल्ली ती अस्मिताय दिवस म्हणून पाळते, आणि सहलीत तिचा उल्लेखही नव्हता. गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे की केंद्रशासित राहावे, हे स्वतंत्र भारताने गोव्यातल्या मतदारांना थेट विचारले. मतदान निःपक्ष व्हावे म्हणून बांदोडकरांच्या सरकारने आधी राजीनामा दिला. विलीनीकरणाची खूण फूल, विरोधाची दोन पाने. फुलाला १,३८,१७० मते पडली, दोन पानांना १,७२,१९१. आमच्या घरातून सगळी मते फुलाला गेली होती. आम्ही मराठीत शिकलो होतो, मराठीत भजन म्हणत होतो, आणि भाटकारापासून सुटायचे तर मुंबईचे राज्य बरे, असे वडिलांना वाटत होते. आम्ही ३४,०२१ मतांनी हरलो. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो, निकालाच्या संध्याकाळी वडील बराच वेळ अंगणात बसले आणि मग आईला म्हणाले, “मोजून हरलो.” शेजारी दोन पानांचे घर होते. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून नेहमीप्रमाणे ताक आले. पुढे राजभाषेचे आंदोलन झाले, त्यात मने पुष्कळ दुखावली. ४ फेब्रुवारी १९८७ चा राजभाषा कायदा झाला, ३० मे १९८७ ला राज्य झाले. हे सगळे कोणाला आवडो न आवडो, पण मिरांदाच्या पिस्तुलानंतर अवघ्या एकवीस वर्षांनी हरलेल्या बाजूने मतमोजणी मान्य करून घरी जावे, हा मुक्तिलढ्याचाच भाग नव्हे काय?

सहल संपल्यावर मी हे संस्थाचालकांना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि व्यवहाराचा प्रश्न विचारला: तुरुंगाला भिंती आहेत, स्मारकाला चौथरा आहे, मतदानाचे काय दाखवायचे? शिवाय विषय नाजूक, गाडीत दोन्ही बाजूंची माणसे असणार. दुसरी अडचण मला खरी वाटत नाही, कारण दोन्ही बाजूंची माणसे त्या काळी एकाच रांगेत उभी होती. पहिली अडचण खरी आहे.

ज्यांना जायचे आहे त्यांनी दोन्ही दिवस एकदम न भरता आधी दक्षिणेचा रविवार करावा. तो १,८०० रुपयांत स्वस्त आहे. उत्तरेच्या दिवसातून नाणूस काढून त्याला स्वतंत्र दिवस दिला तरच तो घेण्याजोगा होईल. पत्रादेवीला सावली कमी आहे, पाणी आणि टोपी सोबत ठेवावी. पुस्तिका सुधारल्याशिवाय मुलांच्या हातात देऊ नये. मार्गदर्शकाला मात्र मोकळेपणाने प्रश्न विचारावेत, त्याला ते आवडतात.

त्याच मार्गदर्शकाने आठवड्याने मला फोन केला. चालकांना त्याने तिसऱ्या, अर्ध्या दिवसाच्या फेरीसाठी राजी केले होते, आणि १९६७ साली जेथे मतदान झाले अशी एखादी जागा मला ठाऊक आहे का, असे तो विचारत होता. मी त्याला आमच्या गावच्या प्राथमिक शाळेचे नाव सांगितले. तिच्या व्हरांड्यात आई रांगेत उभी होती आणि मी तिचा पदर धरून. त्याने नाव लिहून घेतले, वाट विचारली आणि मग म्हणाला, “सर, तिथे गाडी वळवायला जागा आहे?”

आहे. आंब्याखालून वळते.